जुन्या घड्याळाची रुजवात

मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जी जुनी मनगटी घड्याळे विक्रीस मांडलेली आढळतात, त्यांपैकी पुष्कळांची तबकडी नव्याने रंगविलेली असते, काटे दुसऱ्याच एखाद्या घड्याळाचे असतात, आणि आतील मशीन तिसऱ्याच ठिकाणाहून आणून बसविलेले असते. परदेशांतील संग्राहकांनी तर अशा रंगविलेल्या घड्याळांना आपल्या मुंबईचेच नाव चिकटवून टाकले आहे, आणि ही गोष्ट मनाला कितीही खुपली तरी ती निराधार आहे असे म्हणता येत नाही. ज्याला या छंदाची नुकतीच गोडी लागली आहे, अशा मनुष्याला म्हणूनच प्रथम प्रश्न पडतो तो हा, की हातातील वस्तू अस्सल की जोडकाम, हे विचारावे कोणाला? विकणारा खरे सांगेलच असे नाही, विकत घेणारे स्नेही बहुधा ऐकीव गोष्टी सांगतात, आणि छापील अथवा पडद्यावर दिसणारा मजकूर इतका विपुल झाला आहे की त्याच्या विपुलतेनेच मनुष्य गोंधळून जावा. माहितीची साधने कोणती, आणि त्यांपैकी कोणाच्या शब्दाला किती वजन द्यावे, याविषयी काही उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

साक्षीदाराची पारख करताना न्यायाधीश जे प्रश्न मनात धरतो, तेच येथेही धरावेत: सांगणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिली आहे काय, ती घडली तेव्हा पाहिली की पन्नास वर्षांनी आठवून सांगितली, आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवल्याने त्याचा काही लाभ होणार आहे काय? या कसोटीला जो सर्वांत चांगला उतरतो असा साक्षीदार संग्राहकाच्या हातातच असतो, आणि नवशिका नेमका त्यालाच सोडून इतरांकडे धावतो. हा साक्षीदार म्हणजे प्रत्यक्ष घड्याळ.

उदाहरण म्हणून आपल्याकडे विपुल मिळणारे सेको कंपनीचे, आपोआप चावी भरणारे, वार-तारीख दाखविणारे ‘सेको 5’ घ्या. पाठीमागच्या झाकणावर 6309 किंवा 7009 असा मशीनचा क्रमांक आणि त्यापुढे आडव्या रेघेनंतर केसचा क्रमांक कोरलेला असतो. त्याच झाकणावर एक स्वतंत्र अनुक्रमांक असतो, आणि त्याचा पहिला अंक हा निर्मितीच्या वर्षाचा शेवटचा अंक असून दुसरे चिन्ह महिन्याचे असते, एक ते नऊ अंकांनी पहिले नऊ महिने आणि ओ, एन व डी या अक्षरांनी ऑक्टोबर, नोव्हेंबर व डिसेंबर. म्हणजे 8 आणि एन अशी सुरुवात असली, तर घड्याळ आठाने संपणाऱ्या एखाद्या वर्षाच्या नोव्हेंबरातले. दशक कोणते, हे मशीनची मालिका कोणत्या काळात तयार होत होती त्यावरून ठरवावयाचे. आता दहा पट मोठे दाखविणारे भिंग घेऊन तबकडीच्या अगदी तळाशी, सहाच्या खुणेखाली पाहा: तेथे अतिशय बारीक अक्षरांत तबकडीचा स्वतःचा क्रमांक छापलेला असतो आणि त्याचे पहिले चार अंक मशीनच्या क्रमांकाशी जुळावे लागतात. झाकण उघडल्यावर मशीनवरही तोच क्रमांक दिसला पाहिजे. झाकण, तबकडी आणि मशीन या तिघांची रुजवात घालून तिघेही एकच सांगत असतील तर पुढे बोलणी करावीत; तबकडीच्या तळची ती बारीक ओळ मुळीच नसेल, किंवा असून तिची अक्षरे जाड, पसरट आणि किंचित वाकडी असतील, तर विक्रेता कितीही शपथा घेवो, ती तबकडी नव्याने रंगविलेली आहे हे जवळजवळ निश्चित समजावे. नारिंगी, हिरवा, जांभळा असा भडक रंग, मूळ घड्याळाला नसलेली वर्तुळे, आणि तारखेच्या खिडकीच्या कडेवर सांडलेला रंग याही त्याच जातीच्या खुणा होत.

स्विस घड्याळाच्या तबकडीचे वाचन थोडे निराळे असते, पण तत्त्व तेच. सहाच्या खाली ‘स्विस मेड’ या शब्दांच्या दोहों बाजूंस टी हे रोमन अक्षर असले, तर काट्यांवर व खुणांवर ट्रिटियम हे चकाकणारे द्रव्य लावलेले आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि ही खूण 1960 नंतरच्या काळातली आहे. तेव्हा 1950 च्या सुमाराचे म्हणून दाखविलेल्या घड्याळावर ती दिसली की एकतर तबकडी मागाहून बदललेली, नाहीतर सांगितलेले वर्ष खोटे. त्याही आधीच्या घड्याळांत रेडियमचा लेप असे, आणि तो अंधारात चमकेनासा झाला तरी त्यातील रेडियम मात्र शतकानुशतके टिकते. म्हणून अशा तबकडीवरील पिवळसर-तपकिरी पूड खरवडून पाहण्याचा मोह कोणीही करू नये, आणि ती तबकडी घरात, विशेषतः मुलांच्या आसपास, उघडी ठेवू नये, एवढी सूचना येथे आवर्जून करून ठेवतो.

घड्याळाच्या पोटातील साक्ष तबकडीपेक्षाही अधिक विश्वसनीय असते, कारण पोट फारसे कोणी रंगवीत नाही. तबकडीवर ज्याचे नाव असते त्यानेच मशीन बनविलेले असते, अशी पुष्कळांची समजूत असते; वस्तुस्थिती अशी की स्वित्झर्लंडमधील बहुतेक कंपन्या कच्चे मशीन ग्रेंखेन येथील ए. शिल्ड, फाँतेनमेलाँ येथील कारखाना, एटा, पेझू, युनिटास यांसारख्या उत्पादकांकडून घेत, आणि 1926 साली एबोश एस. ए. या नावाने त्यांपैकी प्रमुख कारखान्यांचा संघही स्थापन झाला होता. या कारखान्यांचे शिक्के बहुधा बॅलन्सच्या चाकाखाली अथवा तबकडीच्या बाजूस दडलेले असतात: एका ढालीत कोरलेली आद्याक्षरे आणि शेजारी क्रमांक. शिक्का झिजलेला असेल तर आणखी एक उपाय आहे, आणि तो घड्याळजींच्या पिढ्यांनी वापरलेला आहे. चावी ओढल्यावर काटे फिरविण्याची जी यंत्रणा जागी होते, तिच्या लहानशा पट्टीचा आकार प्रत्येक मशीनमध्ये वेगळा असतो. न्यूयॉर्कहून निघालेला ‘बेस्टफिट’ हा सुट्या भागांचा कोश आणि जर्मनीतील फ्लुमे या पेढीच्या सूची यांत त्या पट्ट्यांची रेखाचित्रे हारीने छापलेली आहेत, आणि त्यांच्याशी आपल्या मशीनचा आकार व लिन्यांतील माप ताडून पाहिले की त्याचे कुळ उमगते. एक लिन्य म्हणजे सुमारे 2.256 मिलिमीटर, एवढे ध्यानात ठेवले की माप घेण्यास साधी कॅलिपर पुरते. हे ग्रंथ घड्याळे विकणाऱ्यांसाठी नव्हे तर दुरुस्ती करणाऱ्यांसाठी सिद्ध केलेले आहेत. त्यांत कोणत्याही घड्याळाची स्तुती नाही, आणि म्हणूनच त्यांच्यावर माझा भरवसा इतर कोणत्याही छापील साधनापेक्षा अधिक आहे.

केसच्या आतील बाजूलाही पुष्कळ मजकूर असतो. जुन्या स्विस चांदीच्या खिशातील घड्याळांत उभ्या अस्वलाचा शिक्का 0.875 शुद्धतेचा आणि रानकोंबड्यासारख्या पक्ष्याचा शिक्का 0.800 शुद्धतेचा निदर्शक असतो. स्विस क्रूसाच्या चिन्हापुढे एखादी संख्या असली तर ती पेटंटची असण्याचा संभव असतो, आणि पेटंटचे दस्तऐवज आज सर्वांना विनामूल्य पाहता येतात. त्यावरून घड्याळाचे नेमके वर्ष कळत नाही, पण पेटंटच्या वर्षाच्या आधीचे ते असू शकत नाही ही एक पक्की मर्यादा हाती लागते. बॅलन्सच्या पुलावर तीन रोमन अक्षरे आढळली, जसे ओमेगाच्या बाबतीत ओ-एक्स-जी किंवा लाँजिनच्या बाबतीत एल-एक्स-डब्ल्यू, तर ते मशीन एकेकाळी अमेरिकेच्या जकातीतून गेलेले आहे असे समजावे. आणि झाकणाच्या आत, सुईच्या टोकाने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरे व तारखा दिसतात त्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या: अमक्या साली उघडले, साफ केले, तेल दिले. एखाद्या झाकणात अशा पाचसहा नोंदी एकाखाली एक, निरनिराळ्या हातांच्या, सापडतात. त्या घड्याळाच्या वापराची अखंड कैफियत सांगतात आणि त्या कोणी बनावट करीत बसत नाही, म्हणून झाकण चकचकीत करण्याच्या नादात त्या घासून टाकू देऊ नयेत.

यानंतर उत्पादकाच्या दप्तराचा क्रम येतो. येथे सर्व कंपन्यांचे वर्तन सारखे नाही. सेंत-इमिए येथील लाँजिन कंपनीने 1867 पासूनच्या हस्तलिखित नोंदवह्या जतन केलेल्या असून, मशीनवरचा अनुक्रमांक कळविला असता ते घड्याळ कोणत्या दिवशी आणि कोणत्या व्यापाऱ्याच्या नावे रवाना झाले, हे तेथून कळू शकते. मुंबई व कलकत्ता येथे दुकाने असलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची, ‘सोवार प्रायमा’ यासारख्या नावांची जी घड्याळे हिंदी शिपायांच्या मनगटांवर दोन महायुद्धांतून फिरली, त्यांपैकी काहींत लाँजिनची मशीने असल्यामुळे आपल्याकडच्या संग्राहकाला या दप्तराचा उपयोग कल्पनेपेक्षा अधिक होतो. पाटेक फिलिप ही जिनिव्हाची कंपनी शुल्क घेऊन उतारा देते, त्यात निर्मितीची व विक्रीची तारीख असते. रोलेक्स मात्र असा उतारा सर्वसामान्यांना देत नाही. तेव्हा रोलेक्सच्या दप्तराचा म्हणून कोणी कागद दाखवू लागला, तर तेवढ्यावरूनच सावध व्हावे.

या उताऱ्यांविषयी एक गोष्ट नीट समजून घेतली नाही तर मोठी फसगत होते. सातबाराच्या उताऱ्यात खातेदाराचे नाव असते, पण तो उतारा हातात धरून समोर उभा असलेला मनुष्य तोच खातेदार आहे, हे त्या उताऱ्यावरून सिद्ध होत नाही. तसेच, अमक्या क्रमांकाचे घड्याळ आम्ही अमक्या साली बनविले, एवढेच कंपनीचा उतारा सांगतो, आपल्यासमोरचे घड्याळ तेच आहे अशी हमी तो देत नाही. खऱ्या घड्याळाचा क्रमांक खोट्या केसवर कोरता येतो, आणि खरे मशीन परक्या केसमध्ये बसविता येते. म्हणून उतारा हाती आला म्हणजे शोध संपला असे न मानता, उताऱ्यात वर्णिलेला धातू, मशीनची जात आणि केसचा क्रमांक यांची प्रत्यक्ष वस्तूशी पुन्हा एकदा खातरजमा करावी.

स्वदेशी घड्याळांच्या बाबतीत मार्ग अधिक खडतर आहे, पण माझ्या मते तो अधिक रम्यही आहे. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 साली बंगळूर येथे मनगटी घड्याळे बनविण्यास आरंभ केला. पुढे श्रीनगर, तुमकूर, राणीबाग येथेही तिचे कारखाने निघाले, आणि ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’, ‘कोहिनूर’ ही नावे या देशातील लक्षावधी घरांत पोहोचली. 2016 साली केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. लाँजिनसारखा उतारा येथे मागता येत नाही, म्हणून पुरावा वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करावा लागतो. कंपनी सरकारी असल्यामुळे तिचे वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवले जात, आणि मोठ्या सरकारी ग्रंथालयांत ते पाहावयास मिळू शकतात; त्यांतून कारखाने आणि उत्पादन यांचा तपशील मिळतो, तबकड्यांचा मात्र मिळत नाही. तबकड्यांसाठी किमतीची पत्रके, दुरुस्तीच्या पुस्तिका, मूळ हमीपत्रे आणि पावत्या यांच्याकडे वळावे. बंगळूरच्या जलहळ्ळी भागात एचएमटीचे वारसा संग्रहालय आहे, तेथे जाऊन अस्सल नमुने डोळ्यांखालून घालणे हे शंभर छायाचित्रे पाहण्यापेक्षा अधिक उपकारक होय. नजरेला एकदा खरी छपाई, खऱ्या काट्यांची लांबी आणि खरा रंग यांची सवय लागली की खोटे आपोआप खटकू लागते. ‘जनता’च्या जुन्या तबकडीवर पॅराशॉक हा शब्द आढळतो तो सिटिझनच्या धक्काप्रतिबंधक यंत्रणेचा, आणि 17 ज्वेल्सचे चावीचे मशीनही त्याच सहकार्याचे फळ; त्यामुळे त्या काळच्या सिटिझन घड्याळांचे जपानी साहित्य हेही एचएमटीच्या अभ्यासकाचे एक साधन ठरते, जे फार थोडे लोक वापरतात.

याच संदर्भात ‘लष्करासाठी बनविलेले’, ‘वायुसेनेला दिलेले’, ‘रेल्वेच्या गार्डाचे’ अशा कथांचा उल्लेख करणे अवश्य आहे, कारण जुन्या घड्याळाची किंमत या चार शब्दांनी दुप्पट होते. तबकडी काळी आणि नाव ‘पायलट’ एवढ्यावरून ते घड्याळ सैनिकाला सरकारी वाटपात मिळाले होते असे सिद्ध होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने बारा उत्पादकांकडून जी घड्याळे बनवून घेतली, त्यांच्या झाकणावर बाणाचे सरकारी चिन्ह, डब्ल्यू हे अक्षर तीन वेळा आणि क्रमांक कोरलेले असतात. सरकारी मालावर सरकारची खूण असते, आणि ती नसेल तर दावा करणाऱ्याने कागद दाखवावा. कोरीव अक्षरे असली तरी भिंगाखाली त्यांच्या कडा पाहाव्यात: आसपासचा पृष्ठभाग वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेला असून अक्षरांच्या कडा मात्र तीक्ष्ण असतील, तर ते कोरीव काम अलीकडचे.

समकालीन छापील मजकूर हे मला फार प्रिय असलेले साधन आहे. मुंबईत एशियाटिक सोसायटी, 1898 साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्यात त्याच्याही आधी, 1893 साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय, अशा संस्थांत जुन्या वृत्तपत्रांच्या व मासिकांच्या फाइली बांधून ठेवलेल्या आहेत. त्या काळच्या जाहिरातींत घड्याळाचे चित्र, नाव, किंमत आणि विकणाऱ्याचा पत्ता सापडतो, आणि वर चालू तारीख असते. म्हणजे वस्तू, नाव आणि काळ यांची गाठ तेथे समकालीन हाताने बांधलेली असते. जाहिरातीतील स्तुतीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही, परंतु त्या दिवशी ते घड्याळ त्या किमतीला विक्रीस होते, एवढी गोष्ट तर नाकारता येत नाही. फाइल मागविताना वर्ष व महिना सांगावा लागतो, म्हणून आधी घड्याळावरून काळाची मर्यादा आखून मगच ग्रंथालयाची पायरी चढावी, नाहीतर दिवस वाया जातो.

ग्रंथांविषयी थोडक्यात सांगतो. दुरुस्तीचे शास्त्र समजण्यास डोनल्ड डी कार्ल यांची पुस्तके अजूनही पुरेशी आहेत. घड्याळ कसे चालते हे न जाणता केवळ नावे व क्रमांक गोळा करणारा संग्राहक नेहमी परावलंबी राहतो. अप्रसिद्ध स्विस नावांचा शोध घेण्यास कॅथलीन प्रिचर्ड यांचा 1775 ते 1975 या दोन शतकांतील उत्पादकांचा दोन खंडांतील ग्रंथ उपयोगी पडतो. कंपन्यांनी स्वतःच काढलेले देखणे ग्रंथ चित्रांसाठी पाहावेत. इतिहासासाठी त्यांवर विसंबून राहू नये, कारण स्वतःचे अपयश स्वतःच्या खर्चाने कोणी छापीत नाही. लिलावगृहांच्या जुन्या सूचीही संग्रही असाव्यात, आणि त्यांतही अंदाजी किमतीपेक्षा प्रत्यक्ष विक्रीची किंमत टिपून ठेवावी. अमेरिकेत 1943 पासून चालत आलेला घड्याळ-संग्राहकांचा राष्ट्रीय संघ आणि इंग्लंडात 1858 साली निघालेली ब्रिटिश होरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट यांची नियतकालिकेही परिश्रमपूर्वक लिहिलेली असतात.

एकच विधान दहा ठिकाणी आढळले तर दहा साक्षीदार मिळाले असे मानण्याचा प्रमाद आजच्या काळात फार होतो. दहांपैकी नऊ जणांनी पहिल्याचे उतरून घेतलेले असते, आणि पहिल्याने कोठून घेतले ते कोणी विचारलेले नसते. कधी तर ते मूळ विधान एखाद्या विक्रेत्याने माल खपविण्यासाठी केलेले निघते. तेव्हा मजकूर कितीदा आढळला यापेक्षा तो किती स्वतंत्र हातांनी लिहिला गेला, याची शहानिशा करावी. एखादे वर्ष, एखादा आकडा वाचला की लिहिणाऱ्याने आधार दिला आहे काय ते पाहावे, आणि दिला असल्यास तो आधार एकदा तरी स्वतः उघडून पाहावा.

जिवंत माणसांना मी शेवटी घेतले, ते त्यांचे मोल कमी म्हणून नव्हे, तर त्यांच्यापाशी जाण्यापूर्वी वरील तयारी झालेली असावी म्हणून. आपल्या गावांत अजून असे वृद्ध घड्याळजी आहेत, ज्यांनी चाळीसपन्नास वर्षे लाकडी टेबलाशी बसून, डोळ्याला भिंग लावून, हजारो घड्याळे उघडली आहेत. तबकडी रंगविणारे कारागीर कोण होते, सुटे भाग कोठून येत, आयातबंदीच्या काळात चोरट्या मार्गाने आलेल्या परदेशी घड्याळांत काय बदल करीत, हे त्यांच्याखेरीज कोणी सांगू शकणार नाही, आणि ते कोठेही लिहिलेले नाही. त्यांच्याकडे नुसता प्रश्न घेऊन जाऊ नये. घड्याळ सर्व्हिसिंगला द्यावे, योग्य मोबदला द्यावा, आणि उघडलेल्या मशीनची छायाचित्रे घेण्याची परवानगी नम्रपणे मागावी. “काका, हे मशीन मूळचेच आहे का?” असे विचारण्यापेक्षा “या मशीनच्या किती घड्याळांत तुम्ही हीच चावी पाहिली?” असे विचारावे, म्हणजे मताऐवजी अनुभव हाती येतो. ते जे सांगतील ते त्याच दिवशी वहीत उतरवून काढावे, वर तारीख व ठिकाण घालावे, आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेले, डोळ्यांनी पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांसाठी तीन वेगळे रकाने ठेवावेत. प्रत्येक घड्याळाला वहीत स्वतंत्र पान द्यावे, त्यावर सर्व क्रमांक, मापे, आतील ओरखड्यांच्या नोंदी आणि विक्रेत्याने केलेले दावे लिहावेत, आणि जो दावा अजून सिद्ध झालेला नाही त्याच्यापुढे तसे स्पष्ट नमूद करावे, म्हणजे पुढे ते घड्याळ ज्याच्या हाती जाईल त्याला कोठून शोध पुढे न्यावयाचा ते समजेल.